प्रवाळ पांढरं पडतं तेव्हा नेमकं काय होतं?

तीन प्रश्न एकत्र आलेत. समुद्राचं पाणी नेहमीपेक्षा एखाद-दुसरा अंश तापलं की प्रवाळभित्ती पांढरी का पडते? पांढरं पडलेलं प्रवाळ मेलेलं असतं का? आणि काही प्रवाळं पांढरी होण्याऐवजी झगझगीत निळी-गुलाबी का दिसतात? तिन्हींचं मूळ एकच आहे. आपण ज्याला प्रवाळाचा रंग म्हणतो, तो बहुतांशी प्रवाळाचा नसतोच.

प्रवाळ हा प्राणी आहे. एकेक पॉलिप बहुतेक जातींत काही मिलिमीटरचाच असतो आणि हजारो पॉलिप एकमेकांना जोडून वसाहत बनते. ते खाली जो सांगाडा रचतात तो अ‍ॅरागोनाइटचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचा आणि पांढराशुभ्र असतो. त्यावरचा जिवंत थर पातळ आणि जवळजवळ पारदर्शक असतो. मग तो मधासारखा, तपकिरी, शेवाळी रंग येतो कुठून? पॉलिपच्या आतल्या थरातल्या पेशींमध्ये झूझॅन्थेली नावाचं एकपेशीय शैवाल बिऱ्हाड करून राहतं. एक पेशी मिलिमीटरच्या साधारण शंभराव्या भागाएवढी असते आणि निरोगी प्रवाळाच्या एका चौरस सेंटिमीटरवर अशा दहा-वीस लाख किंवा त्याहून जास्त पेशी असतात. त्यांतलं हरितद्रव्य आणि पेरिडिनिन हे रंगद्रव्य मिळून तो सोनेरी-तपकिरी रंग तयार होतो.

हे शैवाल नुसतं राहत नाही, घर चालवतं. उन्हात साखर आणि मेदद्रव्यं बनवून त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देतं. अनेक जातींत प्रवाळाच्या ऊर्जेचा ९० टक्क्यांपर्यंतचा भाग इथूनच येतो. बदल्यात प्रवाळ त्याला आसरा, कार्बन डायऑक्साइड आणि स्वतःच्या टाकाऊ पदार्थांतला नायट्रोजन देतं. उष्ण कटिबंधातलं निळंशार पाणी पोषणाच्या बाबतीत अगदी गरीब असतं. तिथे एवढ्या मोठ्या भिंती उभ्या राहतात त्या या देवाणघेवाणीवर. म्हणून रंग गेला याचा अर्थ प्रवाळाचं स्वयंपाकघर बंद पडलं. ‘ब्लीचिंग’ किंवा ‘विरंजन’ या शब्दामुळे रंग धुतला गेल्यासारखं वाटतं, पण प्रत्यक्षात रंगवणारेच निघून जातात किंवा हाकलले जातात.

हे का घडतं त्याचा सगळ्यात जास्त अभ्यास झालेला मार्ग असा आहे. शैवालाच्या हरितलवकात सूर्यप्रकाश पकडणारी यंत्रणा असते आणि त्यातलं डी-१ नावाचं प्रथिन उजेडात सतत मोडत असतं. नेहमीच्या तापमानाला ते मोडतं तितक्याच वेगाने नवंही बनतं. पाणी तापलं की दुरुस्ती मागे पडते आणि कार्बन बांधण्याचं पुढचं कामही मंदावतं, पण प्रकाश मात्र तितकाच येत राहतो. पकडलेली ऊर्जा कामाला लागत नाही, ती ऑक्सिजनवर जाऊन आदळते. त्यातून सुपरऑक्साइड आणि हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी जहाल संयुगं तयार होतात. शैवालाकडे ती निष्प्रभ करणारी विकरं असतात, पण त्यांना एक मर्यादा आहे. ती ओलांडली की हायड्रोजन पेरॉक्साइड पटल ओलांडून प्रवाळाच्या पेशीत शिरतं आणि तिथल्या प्रथिनांना, मेदाच्या पटलांना, डीएनएला इजा करू लागतं.

आता प्रवाळापुढे पर्याय उरतात ते सगळे वाईट असतात. काही शैवालपेशी आतल्या आत पचवल्या जातात, काही पेशीबाहेर ढकलल्या जातात. कधी शैवाल धरून बसलेली प्रवाळाची पेशीच स्वतःला संपवते, तर कधी ती अख्खी पेशी सुटून पाण्यात जाते. कोणता मार्ग किती वापरला जाईल हे जातीवर आणि ताण किती झपाट्याने वाढला त्यावर ठरतं. ठळकपणे पांढऱ्या पडलेल्या वसाहतीत साधारण ६० ते ९० टक्के शैवाल गेलेलं असतं आणि उरलेल्या पेशींतलंही ५० ते ८० टक्के रंगद्रव्य कमी झालेलं असतं. म्हणजे डोळ्याला फिकटपणा दिसतो तोवर आत बरंच काही घडून गेलेलं असतं.

या सगळ्यात प्रकाशाचा वाटा लोक विसरतात. उष्णता यंत्रणा बिघडवते, पण जाळपोळ प्रकाश करतो. ब्लीचिंग सुरू झालेल्या भित्तीवर टेबलासारखी आडवी पसरलेली अ‍ॅक्रोपोरा नावाच्या प्रवाळाची वसाहत जवळून पाहा. वरचा पृष्ठभाग फिकट, मध्यावर तर खडूसारखा झालेला असतो. कडेला वाकून खालच्या बाजूला पाहिलं की तोच जीव, तेच पाणी, तेच तापमान, पण रंग मात्र अजून तपकिरी. शेजारच्या खडकाची सावली पडते तिथे तर सावलीच्या आकाराचा तपकिरी पट्टा राहिलेला दिसतो. हेच मोठ्या प्रमाणावरही घडतं. १९९८ मध्ये प्रशांत महासागरातल्या ताहिती बेटाच्या परिसरात पाणी तापूनही प्रवाळं बऱ्यापैकी वाचली, कारण त्या काळात आकाश ढगाळ होतं. उलट वारा पडलेला, समुद्र आरशासारखा स्थिर, पाणी नितळ, अशी पर्यटकांना आवडणारी हवा प्रवाळासाठी सर्वांत घातक. वरचं तापलेलं पाणी खालच्या गार पाण्यात मिसळत नाही आणि अतिनील किरण खोलवर पोहोचतात.

शिवाय सांगाडाच प्रवाळावर उलटतो. तो पांढरा असल्यामुळे आत आलेला प्रकाश इकडून तिकडे परतवत राहतो. निरोगी असताना शैवालाला याचा फायदा होतो, थोड्या प्रकाशात जास्त काम होतं. पण काही पेशी गेल्या की उरलेल्यांच्या वाट्याला येणारा परतलेला प्रकाश वाढतो, त्याही होरपळतात, आणखी जातात. फिकट पडायला लागलेलं प्रवाळ पुढे चार-आठ दिवसांत झपाट्याने पांढरं होतं त्यामागचं हे एक कारण आहे.

अलीकडच्या संशोधनाने आणखी एक गोष्ट पुढे आणली आहे आणि माझ्या मते ती फार महत्त्वाची आहे. हा संसार रंग जाण्याच्या आधीच मोडायला लागतो. एरवी प्रवाळ शैवालाला नायट्रोजनच्या बाबतीत अर्धपोटी ठेवतं. वाढायला पुरेसा नायट्रोजन नाही म्हणून शैवालाची जास्तीची साखर यजमानाकडे जाते. पाणी तापलं की प्रवाळाचा ऊर्जाखर्च वाढतो, ते स्वतःची अमिनो आम्लं जाळू लागतं आणि त्यातून नायट्रोजन असलेलं अमोनियम सुटतं. हे खत मिळाल्यावर शैवाल स्वतःची वाढ करतं, साखर स्वतःकडे ठेवतं. बाहेरून तपकिरी, सुदृढ दिसणारं प्रवाळ आतून उपाशी पडू लागतं. किनाऱ्यावरचं सांडपाणी आणि शेतातली खतं ब्लीचिंग कशी वाढवतात तेही इथे कळतं. विशेषतः पाण्यात नायट्रेट भरपूर आणि फॉस्फेट अगदी कमी असेल तर शैवालाची पटलंच कमकुवत होतात आणि कमी तापमानालाही ब्लीचिंग होतं. समुद्राचं तापमान एखाद्या गावाच्या हातात नसतं, गटाराचं तोंड असतं.

किती तापलं म्हणजे जास्त? मोजमाप त्या त्या जागेच्या नेहमीच्या उन्हाळ्याशी करायचं असतं. त्या ठिकाणच्या सर्वांत उष्ण महिन्याचं दीर्घकालीन सरासरी तापमान घ्या, त्यात १ अंश सेल्सिअस मिळवा, तो उंबरठा. पण एका दिवसाने काही ठरत नाही, उष्णता साचते. ती मोजायला समुद्र आणि हवामानाचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेच्या नोआ संस्थेचा कोरल रीफ वॉच हा उपक्रम उपग्रहाच्या नोंदींवरून ५ किलोमीटरच्या चौकटीत मागच्या १२ आठवड्यांची बेरीज ठेवतो. एकक आहे ‘अंश-आठवडा’. हिशेब सोपा करून दाखवतो. समजा एखाद्या जागी उष्ण महिन्याची सरासरी २९ अंश आहे, म्हणजे उंबरठा ३०. सात आठवड्यांचं सरासरी तापमान असं: २९.६, ३०.२, ३०.५, ३०.८, ३०.४, २९.९, ३०.३. सरासरीपेक्षा पूर्ण १ अंश किंवा जास्त असलेलेच आठवडे धरायचे, पण धरताना २९ च्या वरचा सगळा फरक घ्यायचा. म्हणजे १.२ + १.५ + १.८ + १.४ + १.३ = ७.२. पहिला आणि सहावा आठवडा गळले. ४ च्या पुढे लक्षणीय ब्लीचिंग अपेक्षित असतं, ८ च्या पुढे व्यापक ब्लीचिंग आणि मृत्यू. आपलं उदाहरण ७.२ वर आहे, आणखी एक तापलेला आठवडा आला की ८ ओलांडेल. २०२३ च्या उष्णतेत जुनी मोजपट्टी अपुरी पडली म्हणून इशाऱ्याच्या वरच्या पायऱ्या नव्याने घालाव्या लागल्या. सर्वांत वरची, पाचवी, २० अंश-आठवड्यांच्या पुढे सुरू होते आणि तिचा अर्थ भित्तीवरचं बहुतेक प्रवाळ मरण्याचा धोका असा आहे. एक सावधगिरी: उपग्रह पाण्याचा पृष्ठभाग बघतो. उथळ लगूनमध्ये, म्हणजे भित्तीच्या आडोशाच्या पाण्यात, दुपारी प्रत्यक्ष तापमान त्याहून बरंच जास्त असू शकतं, म्हणून भित्तीवर स्वतःचा तापमान नोंदवणारा लॉगर लावलेला बरा.

आता मुख्य प्रश्न, मेलंय का? पांढरं पडलेलं प्रवाळ जिवंत असतं. जवळ जाऊन बघा, पण स्पर्श करू नका. पांढऱ्या सांगाड्यावर काचेसारखा ओलसर थर दिसतो, पॉलिपची छोटी तोंडं दिसतात, पाणी हललं की बारीक शुंडकं आत ओढली जातात. मेलेल्या सांगाड्यावर हा थर नसतो. पॉलिप जिथे बसलेले असतात त्या वाट्यांच्या कडा धारदार, उघड्या दिसतात आणि थोड्याच दिवसांत त्यावर हिरवट-पिवळट शैवालाची साय धरते. पुढे ती दाट होऊन तपकिरी लव होते. गंमत अशी की लांबून पाहणाऱ्याला ही लव ‘रंग परत आला’ अशी वाटते. अनेक पाहण्यांमध्ये इथेच चूक होते. शंका असेल तर पृष्ठभागाच्या फोटोत पॉलिपची नियमित रचना दिसते का ते बघा. केसाळ, विस्कटलेला पोत असेल तर ते जिवंत प्रवाळ नाही.

जिवंत असलं तरी ते उपाशी असतं. साठवलेल्या मेदावर काही आठवडे निघतात. तेवढ्यात पाणी गार झालं तर आत उरलेल्या पेशी पुन्हा वाढतात, थोडं शैवाल पाण्यातूनही येतं, आणि काही आठवड्यांपासून काही महिन्यांत रंग भरतो. काही जाती या काळात पाण्यातले सूक्ष्म प्राणी जास्त पकडून तग धरतात. हवाईच्या मॉन्टिपोरा कॅपिटाटा या जातीत हे चांगलं दिसून आलं आहे. पण सावरलेलं प्रवाळही लगेच पूर्ववत होत नाही. वाढ खुंटते, रोगाला बळी पडणं वाढतं, पुढच्या हंगामात अंडी कमी पडतात. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर २०१६ आणि २०१७ च्या लागोपाठच्या ब्लीचिंगनंतर २०१८ मध्ये नव्याने रुजणाऱ्या प्रवाळांची संख्या ८९ टक्क्यांनी घटली होती. हा आकडा वाचून आजही मन खिन्न होतं, कारण त्यात मेलेलं प्रवाळ नव्हे, तर जन्मालाच न आलेलं प्रवाळ मोजलेलं आहे.

झगझगीत रंगाचं कोडं याच हिशेबात सुटतं. काही रंग मात्र खरोखर प्रवाळाचे स्वतःचे असतात. जांभळी, निळी, गुलाबी, हिरवी रंगीत प्रथिनं त्याच्याच पेशींत बनतात. एरवी ती शैवालाच्या तपकिरी रंगात झाकली जातात. शैवाल गेलं की आतला प्रकाश वाढतो, तो वाढलेला प्रकाशच ही प्रथिनं जास्त बनवायला लावतो आणि ती उन्हापासून आडोसा करतात. त्या आडोशाखाली शैवालाला परत वस्ती करणं सोपं जातं. हे प्रामुख्याने सौम्य किंवा थोड्या काळाच्या ताणात होतं, म्हणून निऑनसारखी चकाकणारी भित्ती सावरण्याची शक्यता खडूसारख्या भित्तीपेक्षा जास्त असते. दिसायला ती विलक्षण सुंदर असते, आणि ती संकटात आहे हे फोटोखाली लिहिलंच पाहिजे.

उष्णतेशिवायही रंग जातो. थंडीनेही. जानेवारी २०१० मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडा कीज भागात थंड पाण्यामुळे प्रवाळं पांढरी पडली आणि मेली. पुराचं गोडं पाणी, मोठ्या ओहोटीला तासन्‌तास उघडं पडणं, प्रकाशसंश्लेषण रोखणारी डाययुरॉनसारखी तणनाशकं, मासे पकडायला वापरलेलं सायनाइड, या सगळ्यांचा शेवट शैवाल गमावण्यातच होतो. आकृतिबंध मात्र वेगळा असतो. उष्णतेचं ब्लीचिंग मैलोन्‌मैल आणि अनेक जातींत एकाच वेळी दिसतं. गोड्या पाण्याचं वरच्या एक-दोन मीटरांत आणि नदीमुखाजवळ. विषाचं एखाद्या ठिगळासारखं. समुद्राचं आम्लीकरण सांगाड्याची वाढ मंदावतं, पण अशा अचानक पांढरेपणाचं ते मुख्य कारण नाही. या दोन गोष्टींची गल्लत नेहमी होते.

पांढरं दिसणारं सगळं ब्लीचिंगही नसतं. काटेरी तारामासा जठर बाहेर काढून प्रवाळाचा मांसल थर पचवतो आणि मागे स्वच्छ पांढरा चट्टा सोडतो. ड्रुपेला नावाच्या छोट्या गोगलगायी फांदीच्या बुडापासून वर खात जातात. रोगात जिवंत आणि मेलेल्या भागात स्पष्ट रेषा असते आणि ती सरकत जाते. ब्लीचिंगमध्ये तपकिरीपासून पांढऱ्यापर्यंत छटा हळूहळू उतरतात, चाकूने कापल्यासारखी सीमा नसते. आणि फांद्यांची वाढती टोकं मुळातच पांढरी असतात, तिथे शैवाल अजून पोहोचलेलंच नसतं.

मोजायचं असेल तर क्वीन्सलँड विद्यापीठाच्या कोरलवॉच प्रकल्पाचा रंगतक्ता पुरतो. त्यात चार रंगमालिका आणि प्रत्येकीत १ ते ६ छटा आहेत, १ सर्वांत फिकी. एका वसाहतीवर सर्वांत फिकट आणि सर्वांत गडद अशा दोन जागा निवडा, फांदीची टोकं सोडून. तक्ता प्रवाळाला न टेकवता अगदी जवळ धरा आणि जुळणारी छटा लिहा. सोबत वसाहतीचा आकार लिहा: फांद्यांची, गोलाकार, पत्र्यासारखी की मऊ. निळी-जांभळी प्रवाळं सोडून द्या, तक्ता शैवालाचा रंग मोजतो, प्रथिनांचा नाही. खोल पाण्यात लाल छटा नाहीशा होतात म्हणून टॉर्च लावा. निदान वीस वसाहती घ्या आणि दर वेळी तेच ठिकाण, साधारण तीच वेळ ठेवा. त्याच वसाहतीचा आकडा दोनने उतरला तर तो खरा बदल समजा. एकाच भेटीतल्या आकड्यावरून निष्कर्ष काढू नका.

कोण टिकतं? पातळ मांसाची, भराभर वाढणारी अ‍ॅक्रोपोरा, पोसिलोपोरा, स्टायलोफोरा ही आधी जातात. पोरायटिसच्या गोल टेकड्यांसारख्या वसाहतींत मांस सांगाड्यात खोलवर असतं, त्या जास्त सोसतात. शैवालाच्या प्रकारानेही फरक पडतो. ड्युरुसडिनियम या गटातलं शैवाल असलेलं प्रवाळ साधारण १ ते १.५ अंश जास्त सोसतं, पण वाढतं सावकाश. पर्शियन आखातात तर उन्हाळ्यात पाणी ३५ अंशांच्या आसपास जातं, तरी तिथे प्रवाळ आहे. यावरून ‘प्रवाळ जुळवून घेईल’ असा निष्कर्ष काढण्याची घाई होते. तिथल्या जाती कमी आहेत आणि त्यांना घडायला हजारो वर्षं मिळाली. इतर भित्तींना एवढी उसंत नाही. १९८० च्या सुमारास एकाच जागी तीव्र ब्लीचिंग २५-३० वर्षांतून एकदा होत असे, २०१६ पर्यंत ते अंतर सुमारे ६ वर्षांवर आलं. भराभर वाढणाऱ्या जातींनाही भित्ती पुन्हा भरायला १०-१५ वर्षं लागतात. १९९८, २०१० आणि २०१४-१७ नंतर चौथं जागतिक ब्लीचिंग एप्रिल २०२४ मध्ये जाहीर झालं. जानेवारी २०२३ ते मार्च २०२५ या काळात जगातल्या सुमारे ८४ टक्के प्रवाळक्षेत्राला ब्लीचिंग होईल इतकी उष्णता सोसावी लागली.

मत्स्यालयात प्रवाळ पाळणाऱ्यांना हेच नियम लागू आहेत. तिथे मात्र बहुतेकदा दोष पाण्याच्या उष्णतेचा नसून नव्या एलईडी दिव्याचा असतो. दिवा निम्म्या तीव्रतेवर सुरू करून तीन-चार आठवड्यांत वाढवा, तापमान २४ ते २७ अंशांत ठेवा आणि नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर आणण्याचा हट्ट सोडा. शैवालाला थोडं खत लागतंच.

प्रत्यक्ष भित्तीवर ब्लीचिंग सुरू असताना पाणी गार करता येत नाही, पण बाकीचे ताण उतरवता येतात. त्या आठवड्यांत गाळ उपसण्याची, किनाऱ्यावर भराव घालण्याची कामं थांबवावीत. नांगर टाकणं आणि प्रवाळावर उभं राहणं बंद करावं. पोपटमाशासारखे शैवाल खाणारे मासे पकडू नयेत, कारण मेलेल्या सांगाड्यावरची लव तेच खरवडतात आणि प्रवाळाच्या नव्या पिल्लांना जागा करून देतात. प्रवाळाचे तुकडे कापून लावण्याचं कामही या काळात थांबवा. उपाशी तुकडा जखम भरून काढू शकत नाही. प्रवाळाची रोपवाटिका असेल तर ती खोल, गार पाण्यात उतरवा किंवा सावली करा. २०२३ च्या उन्हाळ्यात फ्लोरिडात हजारो प्रवाळं पाण्यातून काढून जमिनीवरच्या टाक्यांत हलवली गेली होती.

आणि दुसरी पाहणी चुकवू नका. पांढरेपणा कळसाला असताना केलेली पहिली पाहणी फक्त किती प्रवाळ आजारी पडलं ते सांगते. मृत्यू कळतो तीन ते सहा महिन्यांनी, त्याच खूण केलेल्या वसाहतींकडे परत गेल्यावर. तेव्हा प्रत्येक वसाहतीपुढे ‘जिवंत’ किंवा ‘मृत’ एवढंच लिहू नका, किती टक्के पृष्ठभाग जिवंत राहिला ते लिहा. मोठ्या पोरायटिसवर पुष्कळदा वरचा माथा मेलेला आणि बाजूचा, सावलीतला भाग जिवंत असतो, आणि पुढच्या काही वर्षांत तो माथा तिथूनच पुन्हा झाकला जातो.